पेटीवरचं पिवळं नाव

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि सध्या माझ्यात कांदे भरलेले आहेत. कांद्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते गप्प असतात आणि आपण कुणाचे यावरून भांडत नाहीत. पण माझा जन्म काही कांद्यांसाठी झाला नव्हता. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती अशी मी आहे, कारण मी बास गिटारची पेटी आहे. माझ्या झाकणावर पिवळ्या रंगातलं एक नाव आहे, अर्धं खरवडलेलं. त्या नावाने माझ्या माणसाचा घात केला. नाव माझ्याच अंगावर होतं, हे मी अजून विसरू शकत नाही.

मला बनवलं ते रिएका बंदरातल्या लुचियान सुतारांनी. ते जहाजांच्या कारखान्यात कामाला होते. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'बार्बा' म्हणतात, म्हणून सगळे त्यांना बार्बा लुचियान म्हणत. त्यांचा भाचा नेवियो हॉटेलच्या वाद्यवृंदात बास वाजवायचा. डोंगरावरून येणारा गार, सोसाट्याचा वारा, आम्ही त्याला 'बुरा' म्हणतो, सुटला की आमच्या गावात चालता माणूस भिंतीला चिकटतो. अशाच वाऱ्यात एकदा नेवियो आपली बास गिटार घोंगडीत गुंडाळून मामांकडे आला.

बार्बा म्हणाले, "अरे, हे वाद्य आहे की आजारी बकरी?"

"पेटीला पैसे नाहीत, बार्बा."

"पैसे कुणी मागितले? मामा मेलाय का तुझा?"

जहाजावरच्या कॅप्टनच्या खोलीला लावलेल्या लाकडाच्या काही फळ्या उरल्या होत्या. त्यांतून मी झाले. आतल्या अस्तरासाठी नेवियोच्या बायकोने, ओन्दिनाने, आपला लाल कोट दिला. लग्नाआधीचा कोट होता तो. त्याची कोपरं विरली होती, पण पाठ अजून धडधाकट होती. अस्तर ठोकण्याआधी बार्बांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या निमुळत्या टोकाला, आतल्या बाजूला, एक ओळ लिहिली. आमच्या बंदरातल्या सुतारांची ही रीतच आहे. वस्तू पुरी झाली की ती कुणासाठी केली हे आत लिहायचं, जिथे ना ऊन लागेल ना हात. बार्बा म्हणायचे, बाहेर लिहिलेलं लोकांसाठी असतं आणि आत लिहिलेलं वस्तूसाठी. मग त्यांनी लाल कापड ओढून बारीक खिळे ठोकले. ती ओळ झाकली गेली. नेवियो तेव्हा बाहेर बिडी ओढत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पहिली दोन वर्षं माझी सुखाची गेली. ओपातियाच्या एका मोठ्या हॉटेलात नेवियोची कायमची नोकरी होती. म्हातारी जोडपी हळूहळू वॉल्ट्झ नाचत आणि नेवियो त्यांच्या पायांकडे बघून ठेका धरत असे. नोकरीच्या पुस्तकात शिक्का होता, म्हातारपणी पेन्शन मिळणार होती आणि रोज स्वयंपाकघरातून वाटीभर सूप मिळे. नेवियोला तिथे कंटाळा यायचा, हे मात्र मी लपवणार नाही. घरी आला की तो मला उघडून रॉकच्या सुरावटी वाजवायचा, आणि खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची.

मग एके दिवशी हॉटेलच्या मुदपाकखान्यातून चामड्याचं जाकीट घातलेला दोरियान आत आला. त्याचा एक बँड होता. नाव होतं 'बहिरं दीपगृह'. दीपगृहाला कान कशाला लागतात हे मला आजवर कळलेलं नाही, पण पोरं त्या नावावर फिदा होती. दोरियान गायचा. झारको ड्रम वाजवायचा. तिसरा एक गिटारवाला होता. तो फारसा बोलत नसे, आणि या गोष्टीतही तो बोलणार नाही. त्यांचा बासवाला मालवाहू जहाजावर नोकरी मिळाल्याने निघून गेला होता.

"फक्त शनिवारपुरता ये," दोरियान म्हणाला. "अकरा गाणी आहेत. कधी शिकशील?"

"आज बुधवार आहे," नेवियो म्हणाला. "उद्या."

मित्रांनो, त्या शनिवारी मला कळलं की नेवियोच्या बोटांत काय दडलं होतं. हॉटेलात ती बोटं नोकरी करत होती, इथे ती हसत होती. कार्यक्रम संपल्यावर दोरियानने त्याची रोजंदारी माझ्याच झाकणावर ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी पण."

असे शंभराच्या वर शनिवार झाले. त्या बँडची एक पद्धत होती. त्यांच्या स्वतःच्या सामानावर पिवळ्या रंगात बँडचं नाव असे. पत्र्यात अक्षरं कापून साचा केला होता, त्यावरून कुंचला फिरवायचा. भाड्याने आलेल्या माणसाच्या सामानावर मात्र खडूची फुली. गाडीत सामान चढवताना चुकू नये म्हणून. खडू पावसात पुसला जाई आणि पुढच्या खेपेला पुन्हा फुली मारली जाई. मला त्या फुलीची लाज वाटायची. शेजारी ड्रमच्या पेट्या पिवळ्या नावाने मिरवत असत आणि माझ्यावर फुली. एवढंच काय, चहाच्या किटलीच्या खोक्यावरही नाव होतं.

या दोन वर्षांत झारको आणि नेवियोची दोस्ती झाली. बास आणि ड्रम यांचं जमलं नाही तर बँड लंगडतो, म्हणून आधी कामापुरती आणि मग खरी. गाडीत झारको माझ्यावर डोकं ठेवून झोपायचा. त्याचे वडील वारले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला माणूस कमी पडला. नेवियोने आपला एकुलता एक चांगला कोट घालून खांदा दिला. झारको त्या दिवशी म्हणाला होता, "तू माझा सख्खा भाऊ." मी ऐकलंय ते.

ऑक्टोबरात लांबचा दौरा ठरला, देशाच्या एका टोकाच्या लुब्लियानापासून थेट दुसऱ्या टोकाच्या स्कोपियेपर्यंत. हॉटेल एवढी रजा देईना. बँड एका इमारतीच्या तळघरात सराव करायचा, तिथे दोरियानने नेवियोच्या गळ्यात हात टाकला.

"हॉटेल सोड."

"आणि खाऊ काय? दगड?"

"आम्ही खातो तेच. अरे, तू आता भाड्याचा नाहीस, तू आपला आहेस. जे येईल ते चौघांत सारखं. रोजंदारी मात्र आजपासून बंद. मालकाला कुठे रोजंदारी असते?"

झारकोने पत्र्याचा साचा आणून माझ्या झाकणावर ठेवला. वारा नव्हता, पण पत्रा हलू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. दोरियानने कुंचला फिरवला. कुंचला फिरवता फिरवता तो म्हणाला, "हे बघ, झारको साक्षी आहे. आजपासून हा चौथा." चौघांनी एकाच बाटलीतून रकिया, म्हणजे आमच्याकडची फळांची कडक दारू, प्यायली. रंग ओला होता, त्याचा वास डोक्यात जात होता, आणि मी अशी ऐटीत होते की विचारू नका. मूर्खासारखी ऐटीत होते.

घरी ओन्दिनाने झाकण पाहिलं. ती सार्डिन मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजत.

"आणि कागद कुठे आहे?" तिने विचारलं.

"आपल्या माणसांत कसला कागद?"

"हॉटेलवाले परके, तरी त्यांनी शिक्का मारून दिला होता. ही तुझी आपली माणसं, यांनी काय दिलं?"

"अगं, हे बघ ना. नाव लिहिलंय."

"ते पेटीला दिलं," ओन्दिना म्हणाली. "तुला काय दिलं?"

नेवियोने मला पलंगाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्याने हॉटेलात राजीनामा दिला.

दीड वर्ष आम्ही फिरलो. नेवियोने रचलेली बासची एक सुरावट होती. ती वाजली की गाणं सुरू व्हायच्या आधीच हजारभर लोक ओरडायचे. वाटणीचं मात्र रोज उद्यावर. कधी गाडीचा गिअरबॉक्स बदलायचा होता, कधी ध्वनिक्षेपकांचे हप्ते राहिले होते. नेवियो मागत नसे. मालकाने स्वतःकडे काय मागायचं? घर ओन्दिनाच्या सुजलेल्या पायांवर चालत होतं. मधल्या हिवाळ्यात बार्बा लुचियान गेले. नेवियो दौऱ्यावर होता, अंत्यविधीला पोचला नाही. माझ्या आत त्यांचं अक्षर होतं आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मग रेकॉर्ड निघाली. तिच्या वेष्टनासाठी चौघांचा फोटो बंदराच्या धक्क्यावर काढला होता. दोरियान म्हणाला होता, "नेवियो, तू उंच आहेस, तू कडेला उभा राहा." नेवियो मला पायाशी घेऊन कडेला उभा राहिला. रेकॉर्ड त्याला कुणी आणून दिली नाही. भर रस्त्यातल्या दुकानाच्या काचेत त्याने ती पाहिली, आणि त्या वेळी मी त्याच्या हातात होते. फोटोत तिघंच होते. चौथा कापला होता. पण कापणाऱ्याची कात्री थोडी चुकली असावी, कारण तिसऱ्याच्या बुटाशेजारी माझं निमुळतं टोक दिसत होतं. मी होते आणि तो नव्हता! वेष्टनाच्या मागे, गाडीचा चालक आणि सँडविच करून देणारी बाई यांच्या खाली, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'आभार, नेवियो.'

तो तसाच तळघरात गेला.

"छापखान्याची चूक आहे," दोरियान म्हणाला.

"फोटोही छापखान्याने कापला?"

दोरियानने आधी खांदे उडवले, मग त्याचा सूर बदलला. "हे बघ, तू मदतीला आलास, मदत केलीस. कंपनीच्या करारात तीन नावं आहेत. तुझ्या दिवसांचे पैसे मोजून घे आणि मोकळा हो."

"मी भाड्याचा नाही. तूच म्हणालास."

"मी बरंच काही म्हणतो. गायक आहे मी."

गिटारवाला तारा जुळवत राहिला. झारको ड्रमची एक चकती पुसत होता. ती केव्हाच लख्ख झाली होती, तरी पुसत होता. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात तो प्रकार मी त्या दिवशी डोळ्यांदेखत पाहिला.

नेवियो कलावंतांच्या संघाकडे गेला. तिथे तक्रारी ऐकायला तिघांची समिती बसे. अध्यक्षबाई पूर्वी ऑपेराच्या समूहात गात असत. गळ्यात साखळीचा चष्मा होता आणि आवाज अजून खणखणीत. मला त्यांच्या टेबलावर ठेवण्यात आलं. मित्रांनो, मला वाटलं, आता माझी पाळी. मी सगळं सांगणार.

"करार आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही," नेवियो म्हणाला. "पण ही पेटी बघा. भाड्याच्या माणसाच्या सामानावर ते खडूची फुली मारतात, आपल्या माणसाच्या सामानावर नाव. माझ्या पेटीवर नाव आहे. दोरियानने स्वतः रंगवलं."

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून अक्षरांवर बोट फिरवलं. "खरं आहे का?"

"खरं आहे," दोरियान शांतपणे म्हणाला. "नाव आम्ही आमच्या सामानावर टाकतो. किटलीच्या खोक्यावरही आहे. किटलीला वाटणी देऊ का, बाई?"

समितीतला एकजण हसला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"नेवियो, हे पेटीबद्दल झालं. माणसाबद्दल काही आहे?"

"साक्षीदार आहे. झारको. रंगवताना पत्रा त्यानेच धरला होता. त्याला विचारा, दोरियान काय म्हणाला होता."

सगळे झारकोकडे वळले. तो उभा राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मला ते हात चांगले ठाऊक होते. त्याच हातांनी पत्रा दाबला होता.

"मला आठवत नाही," झारको म्हणाला.

"पत्रा धरलेला आठवत नाही, की बोललेलं आठवत नाही?"

"काहीच आठवत नाही."

नेवियो त्याच्याकडे वळला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "तुझ्या बापाच्या पेटीला खांदा दिला होता रे मी." झारको खाली बसला.

निकाल असा लागला की नेवियोला त्या दिवसांची रोजंदारी मिळावी, जुन्या दराने. तेव्हा आमच्या दिनारची किंमत रोज घसरत होती. दीड वर्षाच्या घामाचे जे पैसे हातात आले, त्यात सार्डिनची एक टोपली आली असती, तीही घासाघीस करून. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी म्हटलं असतं, असो. पण दोरियान उठला.

"मग आमची पेटी आम्हाला द्या. नाव बँडचं आहे, हे त्यानेच आता सांगितलं."

"पेटी माझ्या मामांनी केली आहे!" नेवियो ओरडला.

"कागद आहे? मामा आहेत?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता. मामा नव्हते. गिटारची नेवियोच्या नावाची पावती हॉटेलच्या दप्तरात होती, म्हणून गिटार नेवियोची ठरली. माझी पावती कुठली असणार? मामा भाच्याला पावती देतो का? झाकणावरचं नाव वाचून त्यांनी मला बँडची ठरवलं. माझ्या आत, एका कापडाखाली, खरं नाव होतं. मी साक्ष द्यायला आले होते आणि विरुद्ध पक्षाचा पुरावा झाले. मला तोंड असतं तर! पण पेटीला फक्त झाकण असतं.

नेवियोने गिटार बाहेर काढली. इतका वेळ भिंतीशी उभी असलेली ओन्दिना तेव्हा पुढे झाली. तिने माझं झाकण मागे टाकलं, लाल अस्तराला हात घातला आणि टराटरा फाडायला लागली. बारीक खिळे उडून टेबलावर पडले.

"बाई, हे काय करताय?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हा माझा कोट आहे," ओन्दिना म्हणाली. "बघा नीट. याच्यावर कुणाचं नाव आहे का?"

 तिने कोटाच्या त्या चिंध्यांत गिटार गुंडाळली, तान्ह्या मुलासारखी उचलली आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. निमुळत्या टोकाचा वीतभर तुकडा मात्र खिळ्यांना अडकून माझ्यातच राहिला. नेमकं त्याच्याखालीच मामांचं अक्षर होतं. तिने आणखी एक हिसका दिला असता तर!

त्यानंतर माझी दशा झाली. ज्यांनी मला भांडून घेतलं त्यांना मी नकोच होते. माझ्यात तुटक्या तारा आणि विझलेले दिवे टाकले गेले. वर्षभरात दोरियान आणि तो न बोलणारा गिटारवाला बँडच्या नावावरूनच भांडले आणि बँड फुटला. पुढे युद्ध होऊन देशही फुटला, पैसे बदलले, आणि ते पिवळं नाव वाचून 'हे काय' असं विचारणारी पोरं मोठी झाली. बँडच्या उरल्यासुरल्या सामानाबरोबर मी झारकोच्या गॅरेजमध्ये येऊन पडले होते. तो आता लोकांच्या भिंती रंगवायचा. माझ्यावर तो कधी बसत नसे. त्याने मला ताडपत्रीने झाकलं होतं, उन्हापासून म्हणून नाही, येता-जाता दिसू नये म्हणून.

एकोणतीस वर्षांनी, गेल्या वसंतात, कुंचले ठेवायला जागा हवी म्हणून त्याने मला रिकामी केली. अडकलेला लाल तुकडा त्याने सहज ओढला. मग तो चष्मा शोधायला गेला, परत आला आणि वाचलं: 'नेवियोसाठी. वाजवत राहा. मामा लुचियान, मार्च १९८३.' 

त्याच दुपारी त्याने मला पाठीवर घेतलं आणि टेकडीच्या पायऱ्या चढला. आमच्या गावात पायऱ्या फार. दर वीस पायऱ्यांवर तो थांबे. दार नेवियोने उघडलं. त्याचे केस पांढरे झाले होते.

"नेवियो, मी झारको."

"दिसतंय."

"पेटी आणलीय. आत तुझ्या मामांनी लिहिलंय. बघ. पेटी तुझीच होती."

नेवियोने वाकून पाहिलं. त्याने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, अगदी हलक्या हाताने. मग तो सरळ झाला.

"माझी होती हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं."

"पत्रा मी धरला होता," झारको म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तो काय म्हणाला होता तेही आठवतंय मला. शब्दन् शब्द. पण मी बोललो असतो तर त्याने मलाही काढलं असतं रे."

"आणि आता कोण काढणार तुला?"

झारकोने वाकून माझं झाकण लावलं.

"पेटी आत ठेव," नेवियो म्हणाला. झारकोने मला उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि स्वतःचा एक पाय आत टाकला.

"फक्त पेटी," नेवियो म्हणाला, आणि दार लावलं.

पायऱ्या उतरणाऱ्या पावलांचा आवाज मी बराच वेळ ऐकत होते. मला झारकोची कीव आली, पण नेवियोने दार उघडावं असं काही वाटलं नाही. मी लाकडाची आहे, इतकी मऊ नाही.

माझ्यात ठेवायला गिटार उरलेली नव्हती. युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती विकून आलेल्या पैशांतून शेगडीचं सरपण आलं होतं. नेवियोने रंधा घेऊन पिवळं नाव खरवडायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. हात दुखतो म्हणाला. मग ओन्दिनाने मला सज्जात ठेवून माझ्यात कांदे भरले. पण भरते ती फक्त रुंद बाजूला. निमुळतं टोक ती रिकामं ठेवते, कांदा घासून पेन्सिलीचं अक्षर पुसू नये म्हणून.

मित्रांनो, वस्तू जपा असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मला तर ओन्दिना जपतेच आहे. माझं मागणं निराळं आहे. कुणाच्या घामावर तुमचं गाणं उभं राहिलं असेल, तर त्याचं नाव त्याच्या पेटीवर नको, कागदावर लिहा, तुमच्या नावाशेजारी, तुमच्याएवढ्याच अक्षरांत. आणि पत्रा तुम्ही धरला असेल, तर ज्या दिवशी विचारतील त्याच दिवशी सांगा.